न दुखणाऱ्या पायाचं माप



स्मृतिव्याख्यानात थोरामोठ्यांच्या विचारांवर बोलायचा प्रघात आहे. विषय निवडायचं काम संयोजकांनी माझ्यावरच सोपवलं, तेव्हा मी तळपाय निवडला. आणि तळपायाखाली, बुटात किंवा चपलेत, माप घेऊन बसवायची गादी. दवाखान्यात तिला इनसोल म्हणतात, आमच्या धंद्यात ऑर्थोसिस. माझं आयुष्य याच कामात गेलं. या गादीनं काय होतं, काय होत नाही, आणि ती आधी कुणाला मिळायला हवी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आषाढी झाली की शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत फिरते आणि सिंदखेडराजाहून बिबीकडे जाताना आपल्या या दुसरबीडच्या भागातून जाते. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या वारकऱ्यांच्या आपण पाया पडतो. तेव्हा क्षणभर त्या पायांकडे नीट पाहा. कुणाच्या चवड्याला जाड घट्टा, कुणाच्या टाचेला खोल भेग, कुणाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला. आपल्या घरातले पायही काही वेगळे नाहीत. सोयाबीनच्या निंदणाला उकिडवं बसलेली बाई पूर्ण वजन चवड्यावर घेते. दुकानदार, शिक्षक, पोलीस, एसटीचा वाहक दिवसभर फरशीवर नाही तर पत्र्यावर उभे असतात.

पायाची रचना थोडक्यात सांगतो. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा ताणलेला असतो. पाऊल उचलताना बोटं वाकली, की रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या मुळाशी ओढला जातो, पायाची कमान वर उचलली जाते आणि सैल पाऊल घट्ट होतं. हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५४ साली हे दाखवून दिलं. दिवसातून हजारो वेळा हा ताण पडतो आणि सोडला जातो.

हाच पट्टा टाचेपाशी दुखावला की सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पावलाला कळ मस्तकात जाते. चार पावलं चाललं की बरं वाटतं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. मग एक्स-रे निघतो, टाचेच्या हाडाला एक टोक दिसतं आणि ‘हाड वाढलंय’ असं ऐकून माणूस घाबरून घरी येतो. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेमध्येही ते टोक असतं. दुखणं बहुधा त्या टोकाचं नसून पट्ट्याचं असतं, आणि बहुतेकांचं ते वर्षभरात आटोक्यात येतं.

इथंच गादीचा बाजार सुरू होतो. शहरात एका चटईवर उभं करतात, संगणकावर पायाचं लाल-पिवळं चित्र दिसतं आणि ‘तुमच्या पायासाठी खास’ म्हणून काही हजारांची जोडी हातात पडते. ही जोडी मीही बनवतो, म्हणून हे सांगण्याची जबाबदारी माझीच आहे: साध्या टाचदुखीला खास मापाची गादी तयार गादीपेक्षा सरस ठरलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या लँडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३५ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नुसता मऊ फोमचा पातळ तुकडा, दुसऱ्याला दुकानातली तयार घट्ट गादी आणि तिसऱ्याला साचा घेऊन बनवलेली. २००६ साली निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गटांना चालण्या-वावरण्यात थोडा फायदा दिसला, तोही दोघांना सारखाच. वर्षानंतर तिन्ही गट जवळपास एकाच जागी होते.

म्हणून टाच दुखत असेल तर आधी टाचेला खोलगट आधार देणारी साधी तयार गादी घ्या. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हातानं धरून नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा, सोडा, असं दहादा करा. पोटरीचा ताणही द्या. घरात फरशीवर अनवाणी फिरू नका. एवढं दोन-तीन महिने नेमानं करून उतार पडला नाही, तर आमच्याकडे या.

गुडघ्याचीही तीच गोष्ट. गुडघ्याची आतली बाजू झिजली की तळपायाच्या बाहेरच्या कडेला पाच अंशांची पाचर द्यायची, म्हणजे भार बाहेर सरकेल, हा विचार कागदावर बरोबर वाटतो. मेलबर्नच्या किम बेनेल यांच्या गटानं २०० रुग्णांवर वर्षभर तो तपासला. सपाट गादी घालणाऱ्यांपेक्षा पाचर घालणाऱ्यांचं दुखणं काही कमी झालं नाही. कंबरदुखी होऊ नये म्हणून गादी घालण्यालाही पुरावा नाही. ‘पाय सुधारले की गुडघा, कंबर, मान सगळं सुधारतं’ असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

आणि लेकरांचे सपाट पाय! पोरगं चार वर्षांचं झालं की आई काळजीत पडते, ‘डॉक्टर, याच्या पायाला कमानच नाही.’ लहान वयात पाऊल मांसल आणि लवचिक असतं, कमान वयाबरोबर वर येते. कर्नाटकातल्या मणिपालचे राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ साली २,३०० मुलांच्या पायांच्या ठशांची पाहणी प्रसिद्ध केली. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पायाचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बोटं झाकणाऱ्या बुटांचा परिणाम सगळ्यात वाईट. मूल चवड्यावर उभं राहिलं की कमान दिसते, दुखत नाही, पळतंय. मग गादीची गरज नाही. त्याला अंगणात मातीत खेळू द्या.

मग मापाची गादी हवी कुणाला? ज्याची कमान फार उंच आहे आणि सगळा भार टाच व चवडा या दोनच जागी पडून पाऊल दुखतं, त्याला. अशा १५४ जणांवर ऑस्ट्रेलियातच जोशुआ बर्न्स यांनी केलेल्या चाचणीत खास गादीनं दुखणं स्पष्टपणे उतरलं. संधिवातानं ज्याच्या बोटांचे सांधे निसटले, त्याला. पोलिओनं किंवा जुन्या मोडीनं एक पाय आखूड राहिला, त्याला. अशा माणसाला टाचेखाली दिलेली थोडी उंची कमरेला आराम देते, पण ती पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून मोजावी लागते, नजरेनं नाही.

आणि सगळ्यात आधी, ज्याचा पाय दुखतच नाही, त्याला. आज मी आलो आहे तो हेच सांगायला.

कुष्ठरोगानं तळव्याच्या नसा मेल्या की पायाला जखमा होतात, बोटं झडतात. रोगच पाय कुरतडून खातो अशी शतकानुशतकांची समजूत होती. डॉ. पॉल ब्रँड १९१४ साली तमिळनाडूतच जन्मले, १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. त्यांनी पाहिलं की पाय नासतो तो त्याला संवेदना नसते म्हणून. तुम्ही-आम्ही चालताना एक जागा दुखू लागली की नकळत पाऊल जरा बाजूला टाकतो, लंगडतो, थांबतो, चपलेतला खडा झटकतो. बधिर पाय असं काही करत नाही. तो त्याच जागी, तेवढ्याच जोरानं पुन्हा पुन्हा पडत राहतो. एका जोरदार आघातानं कातडी फाटते हे खरं, पण बेताचा दाब हजारो वेळा एकाच जागी पडला तरी आतलं मांस आधी तापतं, मग मरतं. जखम वर दिसते ती शेवटी.

हिशेब करून पाहा. ६० किलोच्या माणसाचा भार २० चौरस सेंटिमीटरवर आला तर दर चौरस सेंटिमीटरवर ३ किलो पडतात. तोच भार १०० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर ६०० ग्रॅम. मापाच्या गादीचं काम बस एवढंच: जिथं भार साचतो तिथून उचलायचा आणि जिथं कमान रिकामी लोंबकळते तिथं टेकवायचा. गादी रोग बरा करत नाही, नस जिवंत करत नाही.

वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या दवाखान्यांत यातूनच एक चप्पल घडली. आतला तळ सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराचा. आमच्या भाषेत एमसीआर. बाहेरचा तळ कडक, म्हणजे काटा आत येऊ नये. मागे टाचेला पट्टा, कारण बधिर बोटांना चप्पल धरता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला खिळा नाही. खिळा निघाला, तर घालणाऱ्याला कळणारच नाही. सगळे जोड शिवलेले नाही तर चिकटवलेले. आपल्या विदर्भात मनोहर दिवाण यांनी १९३६पासून वर्ध्याजवळ दत्तपूरला, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात, बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरुग्णांसाठी आयुष्य वेचलं. या भागाला त्या पायांची ओळख नवी नाही. आज कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णाला एमसीआर चप्पल सरकारकडून मोफत मिळते.

आता दुसरा बधिर पाय. तो तुमच्या-माझ्या घरात आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा जातात. आधी मुंग्या, जळजळ, मग काहीच नाही. रुग्ण सांगतो, ‘पायाचं काही नाही हो, आता दुखत पण नाही.’ हे वाक्य कानावर आलं की मी खुर्ची पुढं ओढतो आणि मोजे काढायला लावतो. कुष्ठरुग्णाला मिळते ती चप्पल या माणसाला आपसूक मिळत नाही. रोगाचं नाव वेगळं, एवढंच; तळव्याची गरज तीच.

नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी २००४च्या सुमारास परदेशी सहकाऱ्यांबरोबर ‘स्टेप बाय स्टेप’ नावाचा उपक्रम हाती घेतला. एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी करून पाय तपासायला, जखम धुवायला, पादत्राण निवडायला शिकवायचं, अशी त्याची आखणी. भारतात आणि टांझानियात तो आधी राबवला गेला. मोठी यंत्रं नसलेल्या ठिकाणी पाय वाचवता येतो, हे आपल्याच विदर्भातून जगापुढं मांडलं गेलं, याचा मला अभिमान आहे.

तपासणी किती साधी आहे ते सांगतो. आज रात्री घरी करा. मधुमेह असलेल्या माणसाला पडायला सांगा, डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या टोकाला अलगद टेकवा, एक-दोन सेकंद, बस. दाबायचं नाही, ठोकायचं नाही. मग करंगळीला, मग मधल्या बोटाला. दुसऱ्या पायालाही तसंच. स्पर्श कळला की त्यानं ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी ‘हो’ आलं नाही, तर तो पाय धोक्यात आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ साली ही पद्धत मांडली. हिला बोटाशिवाय काही लागत नाही.

अशा पायाची गादी कशी बनते, हेही पाहा. फोमच्या पेटीत पाऊल दाबून ठसा घेतो. ठशात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती करतो. ईव्हीएचा, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकचा, तापवलेला पत्रा तिच्यावर दाबून बसवतो. वर मऊ थर, खाली घट्ट. मग रुग्णाच्या चवड्यावरच्या घट्ट्याला लिपस्टिकचा ठिपका लावून त्याला गादीवर उभं करतो. ठिपका गादीवर उमटतो. नवशिके इथंच फसतात: उशी त्या ठिपक्याखाली बसवतात आणि दाब वाढवून ठेवतात. उशी बसते ठिपक्याच्या किंचित मागं, म्हणजे हाडाच्या डोक्यामागचा भाग उचलला जातो आणि डोकं मोकळं होतं. अर्धा सेंटिमीटर इकडंतिकडं झालं तरी सगळं काम वाया. पहिल्या दिवशी तासभर घालायची, काढून पाऊल पाहायचं. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर गादी परत आणायची. वर्षभरात मऊ थर चेपून जातो. चेपलेली गादी असून नसल्यासारखी.

आणि ती घालायची. हे सांगावं लागतं, कारण सगळं अडतं ते इथंच. नेदरलँडमध्ये १७१ मधुमेही रुग्णांची, ज्यांची तळव्याची जखम एकदा भरून आली होती, दीड वर्ष पाहणी झाली. दाब मोजून सुधारलेले बूट काहींना दिले, काहींना नेहमीचे खास बूट. एकंदरीत पाहिलं तर फरक फारसा नव्हता. पण जे दहातली आठ किंवा जास्त पावलं ते बूट घालूनच टाकत होते, त्यांच्यात सुधारलेल्या बुटांच्या गटात पुन्हा जखम झाली २५.७ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ४७.८ टक्क्यांना. या पाहणीतल्याच काही जणांच्या पायातल्या नोंदींवरून दिसलं की घराबाहेर ८७ टक्के पावलांना बूट पायात असतात, घरात ६१ टक्केच. ही बूट घालून घरात वावरणाऱ्या देशाची गोष्ट. आपण तर चप्पल उंबऱ्याबाहेर काढणारी माणसं. स्वयंपाकघरात नाही, देवघरात नाही, देवळात नाही, सोयऱ्याच्या ओट्यावर नाही. बाहेर हजारोंची गादी आणि घरात दिवसभर उघडा बधिर पाय.

म्हणून बधिर पायाला दोन जोड्या सांगतो. एक बाहेरची, दुसरी घरची, जिला अंगणाची माती कधीच लागायची नाही. ती धुवून, स्वच्छ ठेवून स्वयंपाकघरात घाला. सासूबाई, आजी मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे: घरातल्या मधुमेही माणसाला ही जोडी घालू द्या, आणि तो माणूस तुम्हीच असाल तर स्वतःला घालू द्या. चैत्र-वैशाखात देवळाची फरशी इतकी तापते की बधिर तळव्याला फोड येतात आणि माणसाला ते संध्याकाळी दिसतात. अनवाणी चालायचा नवस असेल तर गजानन महाराजांपुढं हात जोडा आणि सांगा, पाय तुमचेच आहेत, ते मला जपायचे आहेत. मला वाटत नाही महाराज रागावतील. घट्टा ब्लेडनं कापू नका. औषधाच्या दुकानातली कॉर्न कॅप लावू नका. तिच्यातलं आम्ल बधिर कातडीला जखम करतं. गरम पाण्यात पाय शेकू नका. चप्पल घालण्याआधी रोज उलटी करून झटका, आत हात फिरवा.

आता या गावाकडं येतो. मोठ्या शहरात हे काम शिकलेले तंत्रज्ञ आहेत. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथं याचं पदवी शिक्षणही मिळतं. पण दुसरबीडच्या शेतकऱ्यानं बधिर पायाच्या गादीसाठी मुंबई गाठावी आणि ती चेपली की पुन्हा गाठावी, हे होणार नाही. दुसरीकडं, याच भागात रापी आणि आरी चालवणारे, चामड्याचा तुकडा हातात घेतल्याबरोबर त्याची जाडी सांगणारे चर्मकार बांधव आहेत, ज्यांची मुलं धंदा सोडून बाहेर पडली, कारण तयार चपलेनं त्यांचं गिऱ्हाईक नेलं. वेल्लोरची ती चप्पलही डॉक्टर आणि चांभार एका बाकावर बसले तेव्हाच जमली. हा हात वाया जाऊ देणं मला अन्याय वाटतो. त्या हातावर आणि त्या पायांवरही.

माझी मागणी छोटी आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक बाजाराचा दिवस यासाठी ठेवा, कारण लोक तसेही गावात आलेले असतात. त्या दिवशी परिचारिकेनं मधुमेह आणि कुष्ठरोगाच्या रुग्णांचे मोजे-चपला काढून बोटाची तपासणी करायची. ज्यांचा पाय बधिर आहे त्यांचा ठसा घ्यायचा. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडं इथल्या दोन-तीन तरुणांच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करायचा, आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली त्यांना हे काम द्यायचं. सामान लागतं ते एवढंच: एमसीआरचे पत्रे, ईव्हीए, एक ग्राइंडर, एक ओव्हन, पेटीभर फोम. कुष्ठरोगासाठी जी चप्पल सरकार देतं तीच बधिर पायाच्या मधुमेही माणसालाही मिळावी, असा ठराव ग्रामसभेनं करून जिल्हा परिषदेकडं पाठवायचा.

मी ठसे घ्यायची पेटी सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर मी इथंच बसणार आहे. ज्यांची टाच दुखते ते जरा थांबा, तुम्हाला व्यायाम दाखवून सोडतो. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाचं काहीच वाटत नाही, ते आधी या.